चिमट्यानं वाढलेली भाकर

गिऱ्हाईक जेवून उठलं की गल्ल्यावर बसल्या बसल्या मी आधी त्याचं ताट बघतो. ही सवय बरी दिसत नाही, हे मला कळतं. पण "जेवण कसं झालं?" असं विचारलं तर निम्मी माणसं भिडेपोटी "एक नंबर" म्हणतात. ताटाला भीड नसते. भाकरीचे नुसते काठ ठेवलेले असतील तर समजायचं, भाकर कडेला कच्ची राहिली. भाकर संपली आणि रस्सा तसाच असेल तर तिखट जास्त झालं. लिंबाची फोड पिळून पिळून पार चोथा केलेली असेल तर माणूस समाधानानं उठला. आणि एखाद्या ताटात भाकर मधेच मोडून ठेवलेली असते, भाजी गरम असते, आणि माणूस हात धुऊन निघून गेलेला असतो. त्याचं कारण स्वयंपाकघरात सापडत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं, "हॉटेलातले गमतीदार अनुभव लिहा. गिऱ्हाइकं काय काय तऱ्हेची येतात ते लोकांना आवडतं." गमती सांगतोच. पण माझ्या हॉटेलची खरी गोष्ट एका भाकरीची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीच्या गमतींना अर्थ नाही.

भोकरदनला बसस्टँडवरून चालत येता येईल इतक्या अंतरावर, जालन्याच्या रस्त्याला माझं हॉटेल आहे. मोजकी टेबलं, बाहेर एक पाण्याची टाकी, आणि पाटीवर 'गावाकडचं जेवण'. भाकर, शेवभाजी, पिठलं, वांगं, ठेचा. आमचं मूळ गाव हसनाबादच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, वडिलांच्या पिढीनं शाळेचं तोंड पाहिलं आणि माझ्या वाट्याला कॉलेज आलं. घरातला पहिला पदवीधर मी. त्याचं श्रेय माझ्याकडं फार थोडं आहे. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपलं, म्हणून मी सावलीत बसून पुस्तक वाचू शकलो.

बी. ए. झाल्यावर काही वर्षं मी स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत राहिलो. दर वेळी थोडक्यात हुकायचं. मी वह्यापुस्तकं घेऊन घरात बसलेला असताना एक दिवस आई म्हणाली, "माझ्या हाताला भाकर येती, तुला हिशेब येतो. मंग अजून काय लागतं?"

हॉटेल असं सुरू झालं. आमच्या कॉलेजातले मराठीचे सर पहिले गिऱ्हाईक. जेवून झाल्यावर ते म्हणाले, "मिलिंद, पदवी वाया गेली असं कधी समजू नकोस. लोकांना नीट वाढता येणं ही मोठी विद्या आहे." सरांचं ते बोलणं मला अजून पुरतं.

आईनं मात्र एक अट घातली होती. "मी आत थापीन. बाहेर येणार न्हाई."

"का?"

"मला बघून लोक उठले मंग काय करशील?"

मी म्हणालो, "आई, आता असं कोणी विचारत नाही."

"विचारत न्हाईत," आई म्हणाली. "बघतात."

स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी आहे. आई भाकर भाजून त्या खिडकीत ठेवायची आणि शकीलभाई ती उचलून टेबलावर न्यायचे. शकीलभाई पहिल्यापासून माझ्याकडं वाढप्याचं काम करतात, वयानं माझ्याहून मोठे, आणि गिऱ्हाइकाला हसवण्यात माझ्याहून पटाईत. गिऱ्हाइकांना आईचा फक्त आवाज ऐकू यायचा. बोलण्याचा नाही, भाकर थापण्याचा. थप, थप, थप. तो आवाज चालू असला की हॉटेल चालू आहे, असं मला वाटायचं.

आता एक गंमत. मोबाइलवर लोक हॉटेलांना तारे देतात. एकदा एकाच दिवशी आमच्या शेवभाजीला एकानं पाच तारे दिले आणि लिहिलं, 'असा झणझणीत रस्सा अख्ख्या तालुक्यात नाही.' दुसऱ्यानं एक तारा दिला आणि लिहिलं, 'शेवभाजी म्हणून गरम पाणी विकतात.' शकीलभाईंनी दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "शेठ, पातेलं तो एकच था ना?"

पातेलं एकच होतं. ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्सा उकळला की तेल आणि तिखट वर येऊन तरंगतं, ती तर्री. आधी येणाऱ्याच्या वाटीत पळी वरून बुडते, त्याला तर्री मिळते. उशिरा येणाऱ्याला खालचं मिळतं. दोघांनी एकच पदार्थ मागवला, पैसे सारखेच दिले, आणि दोघंही खरंच बोलले. तेव्हापासून आम्ही तर्री वेगळ्या भांड्यात काढून ठेवतो आणि प्रत्येक वाटीत वरून घालतो. तक्रार मिटली. मला वाटलं, हॉटेलातला कुठलाही भेद असाच मिटवता येतो, फक्त पळी कुठं बुडते ते बघायचं.

मग एक साहेब येऊ लागले. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. बदली होऊन नवे आले होते, कुटुंब दूर होतं. रोज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर जेवायचे. बोलायला फार चांगले. "घरची आठवण येते हो तुमच्या भाकरीनं," असं मला दोन-तीनदा म्हणाले असतील. त्यांची ताटं इतकी स्वच्छ असायची की शकीलभाई म्हणायचे, "साहेबांचं ताट धुवायची जरूरतच न्हाई."

ईदच्या दिवशी शकीलभाई सुट्टीवर होते. मी एकटाच वाढत होतो आणि माझी धांदल उडाली होती. भाकर खिडकीत गार होत चाललेली आईला बघवेना. ती भाकर घेऊन स्वतः बाहेर आली आणि साहेबांच्या ताटात ठेवली.

साहेब खूश झाले. "मावशी, तुम्हीच करता का भाकरी? वा! कोणत्या गावच्या तुम्ही?"

आईनं गाव सांगितलं.

"असं का? आमचे पाहुणे आहेत तिकडं. आडनाव काय?"

आपल्याकडं हे विचारणं इतकं सहज असतं की विचारणाऱ्यालाही आपण काय विचारलं हे जाणवत नाही. आईनं आडनाव सांगितलं. साहेब "बरं, बरं" म्हणाले. आई आत गेली. थोड्या वेळानं साहेब उठले, हात धुतले, पैसे दिले, माझ्याकडं बघून हसलेसुद्धा. वाईट एक शब्द बोलले नाहीत. मी ताट बघितलं. गरम भाकर मधोमध मोडून ठेवलेली होती. खिडकीतून आईही बघत होती.

त्यानंतर साहेब आले नाहीत. आठवडाभरानं त्यांचा शिपाई डबा घेऊन आला. "साहेबांना टाइम भेटत न्हाई. दोन भाकरी आणि शेवभाजी बांधा."

शकीलभाई चिडले. "शेठ, बिलकुल देऊ नका!"

आई आतून म्हणाली, "देत जा. भाकरीवर कशाला राग काढायचा? त्याला भाकर चालती. लोकांनी बघितलेलं चालत न्हाई."

त्यांची बदली होईपर्यंत रोज डबा जात राहिला आणि रिकामा परत येत राहिला. मी पुष्कळ विचार केला. तो माणूस दुष्ट नव्हता. कोणी ओळखीचा, कोणी पाहुणा त्याला इथं जेवताना बघेल, एवढंच त्याचं भय असावं. पण त्याच्या भयापायी माझ्या आईचं भय खरं ठरलं. तिनं त्यानंतर स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल ठेवलं नाही. वय वाढत होतं, भट्टीची धग सोसत नव्हती. मदतीला बाई ठेवतो, तू गल्ल्यावर बस, असं मी किती वेळा म्हणालो. तिचं उत्तर ठरलेलं. "तुझं चाललेलं हॉटेल मी बसवू का?"

पुढं खाद्यपदार्थांच्या स्वच्छतेबद्दल एक प्रशिक्षण झालं. तिथं सांगितलं, अन्नाला उघडा हात लावू नका. मला पटलं. मी चकचकीत चिमटे आणले आणि शकीलभाईंना सांगितलं, आजपासून भाकर चिमट्यानं वाढायची. संभाजीनगरहून गाड्यांनी येणारी मंडळी खूश झाली. एका बाईंनी फोटो काढून टाकला आणि लिहिलं, 'गावात असूनही किती स्वच्छ!' त्यातला 'असूनही' मला थोडा टोचला, पण तारे पाच होते.

त्याच आठवड्यात टेंभुर्णीकडचे एक आबा बाजाराला आले होते, ते जेवायला बसले. शकीलभाईंनी चिमट्यानं वरून भाकर सोडली.

आबा ताटाकडं बघतच राहिले. "काय रे, मला काय लागण झाली का? कुत्र्याला टाकल्यावानी टाकून राह्यला."

"आबा, साफसफाईसाठी हाय. शहरात असंच असतं."

"शहरात लोक उभ्यानं जेवतात, मी उभा राहू का? तू हात धुतला का न्हाई, तेवढं सांग."

"बराबर धुतला, आबा."

"मंग त्या हातानं दे की! हात काय दाखवायला ठेवला का?"

अख्खी खोली हसली. शकीलभाईंनी हातानं दिली. आबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि जाताना चिमट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ते कोळशाला ठेव."

मग शकीलभाईंनी आपला नियम काढला. जीन्स दिसली की चिमटा, धोतर दिसलं की हात. हा नियम रोज फसायचा. पुण्याला कंपनीत असलेली पोरं "काका, हातानंच द्या ना, घरच्यासारखं" म्हणायची, आणि एखादे धोतरवाले बाबा हात दिसताच "चिमटा हाय ना तुमच्याकडं?" म्हणून ताट मागं ओढायचे. एकच चिमटा एकाला मान वाटायचा, दुसऱ्याला अपमान. तर्रीसारखा त्याचा उपाय मला सापडला नाही.

आईला तो चिमटा पहिल्या दिवसापासून नको होता. खिडकीतून तिनं बघितलं आणि म्हणाली, "ते काढ."

"का?"

"मला बघवत न्हाई."

मी तिला जंतू, आजार, सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "तू शिकलेला हायस, तुझं बराबर असंल," एवढंच म्हणाली, आणि आपलं पीठ, परात उचलून दुसऱ्या बाजूला मांडलं, खिडकीकडं पाठ येईल अशी. चिमट्याला तिनं कधी हात लावला नाही. मला वाटलं, जुन्या माणसाला नवं पटत नाही. त्याहून जास्त मी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, दुपार, सगळी टेबलं भरलेली. दारात गाडी थांबली आणि एक तरुण आपल्या आजीचा हात धरून आत आला. आजी वाकलेल्या, नऊवारी नेसलेल्या, हातात काठी. मी बघताक्षणी ओळखलं. आमच्या गावच्या मोठ्या काकू. ज्यांच्या रानात माझ्या आईनं तारुण्य काढलं, त्या घरच्या. त्यांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. मी तेव्हा बांधावर खेळणारा होतो, आता माझी दाढी पिकली आहे. गल्ल्यावर बुद्धाची छोटी मूर्ती असते, हल्ली शोभेला कोणीही ठेवतं तशी. तिच्यावरून त्यांची नजर गेली की नाही, मला सांगता येणार नाही.

मोकळं झालेलं मधलं टेबल त्यांना मिळालं. नातवाची जीन्स बघून शकीलभाईंनी चिमटा उचलला. भाकर वरून काकूंच्या ताटात पडली.

"हे काय बाई?" काकू म्हणाल्या. रानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक मारायची सवय असलेला आवाज. वयानं तो कमी झालेला नव्हता.

नातू म्हणाला, "आजी, स्वच्छतेसाठी असतं ते."

"असू दे. अशी वरून पडलेली भाकर मला गिळत न्हाई. हातानं वाढायला बाई न्हाई का आत कोणी?"

आतला थापण्याचा आवाज थांबला.

मी गल्ल्यावरून उठलो. माणूस चेहरा विसरेल, पण ज्या आवाजावर वर्षानुवर्षं कामाला वाकला तो आवाज विसरत नाही. मला वाटलं, आई बाहेर येणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी, भरलेल्या टेबलांकडं बघून, तिनं येऊ नये असंही वाटलं.

आई आली. एका हातात थाळीत नुकती उतरवलेली भाकर होती. दुसऱ्या हातात चिमटा होता. भिंतीच्या खिळ्याला अडकवलेला, ज्याला तिनं आजवर शिवलंही नव्हतं, तो तिनं स्वतःहून काढून आणला होता.

काकूंनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. "गया?"

"व्हय, काकू."

"गया, तू हितं? कामाला हायेस?"

"हॉटेल माझ्या पोराचं हाय."

काकू माझ्याकडं वळल्या, मग मूर्तीकडं, मग भाकर यायच्या आधीच चाखलेल्या वांग्याच्या भाजीकडं. शेजारच्या टेबलांवरचं बोलणं बंद झालं होतं. गावाकडच्या माणसांना अशा वेळी समजावून सांगावं लागत नाही.

आई म्हणाली, "तुमच्या रानात दुपारी भाकर अशीच यायची, काकू. वरून. आमी पदर पसरायचो, तुमी सोडायच्या. कधी पदरात पडायची, कधी मातीत." तिच्या आवाजात राग नव्हता. त्या वर्षी ज्वारी कशी आल्ती, असं सांगावं तसं ती सांगत होती. मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. "म्हणून इचारते. आता तुमीच सांगा, कशानं वाढू?"

शकीलभाई पाण्याचा जग घेऊन जागच्या जागी उभे होते. नातू एकदा आजीकडं, एकदा आईकडं बघत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, आणि आपल्याला काहीच माहीत नाही एवढं त्याला त्या मिनिटात समजलं असावं.

काकूंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. ताट थोडं बाजूला सारलं. आणि उजवा हात पुढं केला, तळवा वर करून.

आईनं चिमटा टेबलावर ठेवला. भाकर उचलून त्या तळव्यावर ठेवली. बोटांना बोटं लागली.

"गरम हाय, संभाळा," आई म्हणाली.

"असू दे," काकू म्हणाल्या. एक तुकडा मोडून त्यांनी कोरडाच तोंडात टाकला. सावकाश चावला. मग म्हणाल्या, "ठेचा हाय का?"

"हाय ना."

माफी कोणी मागितली नाही. आपल्याकडं तसं कोणी मागत नाही. घरी गेल्यावर काकूंनी काय केलं, कोणाला काय सांगितलं, मला माहीत नाही. हे लिहितानाही मी त्या प्रसंगाला मोठं नाव देणार नाही. एका म्हाताऱ्या बाईनं हात पुढं केला, एवढंच घडलं. पण माझी आई त्या दिवशी भरल्या हॉटेलात सगळ्यांसमोर उभी होती, आणि तिचं नाव, तिची सगळी हकिकत प्रत्येक टेबलानं ऐकली होती. ज्या गोष्टीला भिऊन तिनं इतकी वर्षं भिंतीआड काढली ती होऊन गेली होती. आता लोक उठणार की बसणार, एवढाच प्रश्न उरला होता.

कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी हाक मारली. साहेब बसायचे तेच टेबल. बाजाराला आलेला एक मध्यमवयीन शेतकरी, ओळखीचा ना पाळखीचा. "मावशी, इकडं बी एक आना. हातानंच!"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही. हे तिनं ठरवायचं होतं. ती आत गेली. थप, थप, थप. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती तळहातावर भाकर घेऊन, चालत थेट कोपऱ्यापर्यंत.

त्याच वेळी दाराजवळच्या टेबलावरची मंडळी उठली. हात धुतले, पैसे दिले, गाडीत बसून गेली. जेवण झालं म्हणून उठली, की मध्येच उठली, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळण्यासारखं नव्हतं. शकीलभाई फडकं घेऊन त्या टेबलापाशी गेले, आणि नेहमीच्या सवयीनं थांबून मला म्हणाले, "शेठ, ताटं बघता?"

आई कोपऱ्यात उभी राहून त्या शेतकऱ्याला आपलं गाव सांगत होती. यावेळी त्यानं विचारायच्या आधीच.

मी म्हणालो, "उचला, शकीलभाई."